दोन मुसळांच्या मधली जागा

मार्गशीर्षाच्या सुमारास लोणावळ्याची हवा कोरडी होते. चार महिने भिंतीत मुरलेली ओल उतरते, ट्रंकेतल्या कपड्यांचा कुबट वास जातो आणि लांबचं स्वच्छ दिसू लागतं. पावसाळ्यात इथे समोरून येणारं माणूस अंगावर येईपर्यंत कळत नाही. आता पलीकडच्या डोंगरावर चरणारी गुरं घराच्या पायरीवरून दिसतात.

परवा शाळा सुटल्यावर रुळांच्या कडेच्या पायवाटेने घरी येत होते. लांब, सिग्नलच्या खांबाजवळ, रेल्वेचा एक गँगमन रुळाच्या बाजूला काहीतरी ठोकत होता. ठण, ठण असा आवाज बराच वेळ कानावर येत असणार, पण माझं लक्ष नव्हतं. मग चपलेचा अंगठा तुटला. मी थांबले, पिन शोधू लागले आणि सहज वर पाहिलं. त्याचा हातोडा खाली आला तो मुकाच. आवाज आला तेव्हा हातोडा पुन्हा डोक्यावर गेलेला होता. चपलेला पिन लावून होईपर्यंत मी ते पाहत राहिले. मग चालू लागले आणि दहावीस पावलांत त्याचा हातोडा आणि त्याचा आवाज पुन्हा एक झाले. दहावीस पावलांत असं कितीसं अंतर तुटणार? तुटलं नव्हतंच. मी चालू लागले होते, एवढाच काय तो फरक.

मी शास्त्र शिकवत नाही. भूगोल आणि मराठी शिकवते. आवाज उजेडापेक्षा सावकाश येतो हे मलाही ठाऊक आहे. पण तो आपल्याला उशिरा आलेला कधी कळतो आणि कधी कळत नाही, हा भाग पुस्तकात नव्हता. तो मला एका सुगीत कळला, आणि तो कळण्याची किंमत दुसऱ्या एका बाईच्या हाताला मोजावी लागली. थंडी पडू लागली की ती सुगी दरवर्षी आठवते. आठवते म्हणजे फार छळते असं नाही. शेजारच्या घरात कुणीतरी वावरत असल्याचं कळावं, तशी.

त्या वर्षी माझी नेमणूक नवलाख उंबरे नावाच्या गावी झाली होती. मी बावीस वर्षांची, पुण्याच्या पेठेत वाढलेली. दिवाळीची सुट्टी संपताना तळेगाव स्टेशनात उतरले आणि एका पत्र्याच्या पेटीसह बैलगाडीत बसून गावात आले. शाळा म्हणजे एक खोली आणि पुढे पडवी. शिक्षिका मी एकटी. राहायची सोय गंगूमावशींच्या घरी झाली होती. मावशी विधवा, जाड बांध्याच्या, मोठ्या आवाजाच्या, घरची दहा-बारा खाचरं स्वतः उभं राहून करून घेणाऱ्या. मुलगा पुण्याला दारूगोळ्याच्या कारखान्यात कामाला, आणि घरात त्याची बायको सुभद्रा. ती वाळक्या काडीसारखी, आणि तेव्हा पहिलटकरीण. सातवा महिना लागला की माहेरी जायची होती.

शाळेपासून मावशींचं घर फर्लांगभर असेल. मधे कापणी झालेली खाचरं, आणि बरोबर अर्ध्या वाटेवर एक आंब्याचं झाड. पडवीतून मावशींचं अंगण सरळ दिसे. पहिल्याच दिवशी, मुलांना पाढे लिहायला देऊन मी बाहेर उभी होते, तर अंगणात उखळावर दोघी भात कांडत होत्या. एक जाड, एक बारीक. एकीचं मुसळ वर तेव्हा दुसरीचं खाली. धम्म, धप. धम्म, धप. एक आवाज भारी, एक हलका. भारी आवाज त्या बारीक बाईचा होता. मला नवल वाटलं. एवढीशी पोर, आणि काय हाताला जोर!

संध्याकाळी घरी आले तेव्हा उरलेलं कांडण चालू होतं. अंगणात उभं राहून पाहिलं तर भारी आवाज मावशींचाच. हलका सुभद्रेचा. मी जे पाहिलं ते चुकीचं पाहिलं होतं की काय, म्हणून दुसऱ्या दिवशी पुन्हा पडवीतून पाहिलं. पुन्हा भारी आवाज सुभद्रेच्याच मुसळाबरोबर. मग उमगलं. मावशींच्या मुसळाचा आवाज खाचरं ओलांडून माझ्यापर्यंत येईपर्यंत सुभद्रेचं मुसळ खाली येत होतं. डोळे एकीला पाहत होते आणि कान दुसरीला ऐकत होते, आणि दोघांचं इतकं छान जमत होतं की शंका येऊ नये.

त्यानंतर मला नादच लागला. घरी येताना आंब्यापाशी थांबायचं. तिथून पाहिलं तर आवाज कुणाचाच नसे. दोन्ही मुसळं हवेत, आणि मधेच धम्म. कुणीतरी तिसरंच, न दिसणारं, तिथे कांडत आहे असं वाटे. मग चालू लागायचं. चालताना ते तिसरं माणूस नाहीसं होई. अंगणात पोचलं की ज्याचा आवाज त्याला परत मिळालेला असे. थांबलं की जग सुटं होतं, चाललं की जुळतं, असं मी एका वहीत लिहूनही ठेवलं होतं. बाविसाव्या वर्षी माणूस अशी वाक्यं लिहितं.

उखळापाशी त्या दोघींखेरीज तिसरी एक बाई बसलेली असे. तिचं नाव ठमाबाई. डोंगराच्या उतारावर दहाबारा घरांची एक वाडी होती, तिथून ती रोज खाली कामाला यायची. चाळिशीची असेल. नवरा लोणावळ्याला हमालीला, महिन्यातून एकदा घरी. घरी सासू. ठमाबाई फार बोलत नसे. उखळाशी उकिडवी बसून ती दाणे वरखाली करायची. मुसळ उचललं की हात आत, दाणे खालून वर, हात बाहेर, की दुसरं मुसळ खाली. इतर घरी यासाठी कळकाची काठी वापरत. ठमाबाई काठी घेत नसे.

मी एकदा विचारलं, "ठमाबाई, काठी का घेत नाही?"

"काठीला कळत न्हाई," ती म्हणाली.

"काय कळत नाही?"

"दाना सोललाय का न्हाई ते." आणि पुन्हा हात आत.

बाहेरून पाहताना माझ्या अंगावर काटा येई. मुसळाच्या टोकाला लोखंडी कडं होतं. दोन घावांच्या मधे एक श्वास घेण्याइतकीही जागा दिसत नसे, आणि ती त्यात हात घालून, चाचपून, निवांत बाहेर काढी.

सुभद्रा माहेरी गेली आणि एक मुसळ कमी झालं. मावशी म्हणाल्या, "बाई, तुमी काय घेऊ नका हां मनाला. पर हाताला हात दिला तर बरं व्हईल." मी आनंदाने पुढे झाले. मला ते करून पाहायचंच होतं.

पहिल्या दिवशी फजिती झाली. मावशींचं मुसळ पडलं की आवाज ऐकून मी माझं खाली आणी. तोवर त्यांचं पुन्हा यायला निघालेलं असे. दोन्ही मुसळं एकमेकांवर आदळली. मग ऐकणं सोडून मी त्यांच्या मुसळाकडे पाहू लागले. तरी तेच. ठमाबाईने हात उखळाबाहेर, गुडघ्यावर ठेवला होता.

"ऐकू बी नका न् बगू बी नका," ती म्हणाली.

"मग कांडू कशी?"

"अंगानं धरा. मावशी खाली वाकत्यात तवा तुमी वर. दोघी मिळून येकच बाई हाय म्हना."

चार दिवस लागले. पाचव्या दिवशी कधीतरी ते आपोआप जमलं, आणि जमलं हे मला जमून बराच वेळ झाल्यावर कळलं. ठमाबाईने हात उखळात घातला होता, त्यावरून कळलं.

मुसळ चालवू लागल्यावर जे झालं ते मला आजही नीट सांगता येत नाही. दोन घावांच्या मधली जागा रुंद झाली. अंगणाबाहेरून जिथे श्वासही मावत नव्हता तिथे आता भरपूर वेळ होता. ठमाबाईचा हात आत जाताना दिसे, बोटं दाण्यांत फिरताना दिसत, मनगटावरचं गोंदण दिसे, हात बाहेर येई, आणि तरीही माझं मुसळ अजून वरच. घाई कुणालाच नव्हती. आवाजाचंही तसंच. दुसऱ्याने कांडलं की आवाज बाहेरून येतो. मी कांडलं की तो येत नसे, तो माझ्या दंडातूनच निघे. कधी कधी तर वाटे की मुसळ तळाला टेकण्याच्या जरा आधीच धम्म झालं.

ही शेवटची गोष्ट माझ्या डोक्यात बसली. आवाज आधी कसा येईल? पण येतो असं वाटे खरं.

लवकर पिकणारं हळवं भात दिवाळीच्या आतच घरात आलेलं होतं. उशिराचं गरवं अजून खाचरात उभं होतं, त्याची कापणी आठवड्याभरात निघणार होती. मधल्या एका रविवारी मावशींनी पोहे करायला काढले. भात आदल्या दिवशी कोमट पाण्यात भिजवलेलं. मावशी ते खापरात भाजायच्या, टरफलं तडतडली की उखळात ओतायच्या आणि लगेच मुसळ हातात घ्यायच्या. गरम असतानाच कांडावं लागतं. गार झालं की दाणा चपटा होण्याऐवजी फुटतो. अंगणभर भाजक्या भाताचा वास होता. ठमाबाईच्या तळव्यांना ती ऊब लागत नसावी. कोवळी उन्हं होती, मावशी खुशीत होत्या, आणि माझे हात आता कुणाच्या सांगण्याविना चालत होते.

चार घाणे झाले. पाचव्याच्या वेळी माझ्या मनात आलं, आज बघूच. आवाज मुसळ टेकल्यावर येतो की आधी? फर्लांगावरून पाहून झालं, आंब्यापासून पाहून झालं. आता खुद्द मुसळ माझ्या हातात आहे, तर इथून कसं दिसतं? मी डोळे मुसळाच्या टोकावर ठेवले आणि कान आवाजाकडे लावले.

एवढंच केलं मी. दुसरं काही केलं नाही.

अंग बाजूला उभं राहिलं आणि मी पाहू लागले. माझं मुसळ किंचित रेंगाळलं असावं. मावशींचं पडलं, वर गेलं, ठमाबाईचा हात आपल्या वेळेला आत आला, आणि माझं मुसळ त्याच वेळी खाली आलं. आवाज झाला. तो धम्म नव्हता आणि धपही नव्हता. तो कधी झाला, आधी की नंतर, हे पाहायचं राहूनच गेलं.

कुणी ओरडलं नाही. ठमाबाईच्या तोंडून नुसतं "हं" निघालं, एखादी गोष्ट समजल्यावर निघावं तसं. तिने हात बाहेर काढला आणि दुसऱ्या हाताच्या मुठीत धरला. मुठीतून रक्त पोह्यांच्या टरफलांवर पडू लागलं. मावशींचं मुसळ अर्ध्यावर थांबलं होतं.

"गार व्हतील पोहं," ठमाबाई म्हणाली. "वरवरचं काढून घ्या आदी."

"खड्ड्यात जाऊ देत पोहे!" मावशी ओरडल्या, आणि लुगड्याचा पदर फाडायला लागल्या.

बैलगाडीने आम्ही तळेगावला गेलो. मावशी घरी राहिल्या, मी आणि ठमाबाई दोघीच गेलो. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी जखम धुतली. मधलं बोट आणि त्याच्या शेजारचं. मधल्याचं पहिलं पेर चेचलं होतं. ते धुताना ठमाबाईने खिडकीबाहेर पाहिलं, बाकी काही नाही.

"कसं झालं?" डॉक्टरांनी विचारलं.

मी तोंड उघडलं. त्याआधीच ठमाबाई म्हणाली, "माजाच हात ऱ्हायला मदी."

डॉक्टरांनी मान हलवली.  तिचं बोलणं खोडून काढायला दोन शब्द लागले असते. मी ते उच्चारले नाहीत. त्या सुगीतलं काही पुसून टाकायला मिळालं तर मी मुसळ पुसणार नाही, कारण ते माझ्याकडून नकळत झालं. दवाखान्यातलं ते गप्प राहणं पुसेन.

परत येताना गाडी नदीच्या उतारापाशी आली तेव्हा मी म्हणाले, "ठमाबाई, तुमचा हात राहिला नव्हता. चूक माझी होती. मी कांडत नव्हते, बघत होते."

"काय बगत व्हता?"

"आवाज कधी येतो ते."

 गाडीवान मागे वळून पाहायला लागला होता.

"आवाज बगत व्हता," ती म्हणाली. रागाने नाही. मला वाटतं, ती ते वाक्य नुसतं म्हणून पाहत होती. मग तिने विचारलं, "मग कवा आला?"

"ठाऊक नाही."

"बरं," ती म्हणाली आणि बांधलेला हात मांडीवर घेऊन बसली.

गरव्या भाताची कापणी म्हणजे ठमाबाईच्या वर्षाची बेगमी. दिवसभर कापलं की संध्याकाळी भाताच्या पेंढ्या मिळत, आणि त्या झोडून जे निघे त्यावर तिचं आणि सासूचं पावसाळ्यापर्यंत चाले. डॉक्टरांनी महिनाभर हात भिजवू नका, वापरू नका असं सांगितलं होतं. कापणी पंधरवड्याची.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मावशींना म्हणाले, "ठमाबाईंच्या जागी कापणीला मी जाते. माझ्या पेंढ्या त्यांना द्या."

"तुमी?" मावशी माझ्याकडे पाहतच राहिल्या. "मास्तरीणबाई, कंबार मोडंल. लोक हसतील त्ये येगळंच."

"हसू देत."

शाळा अकराला भरायची. मी उजाडताच खाचरात जाई आणि दहाला परत येई. रविवारी दिवसभर. लोक हसले. पोरं तर फारच हसली, पण त्या दिवसांत निम्मी शाळा खाचरातच असे, तेव्हा आम्ही रोज भेटत होतोच. माझ्या वाट्याला एका बाईच्या निम्म्या पेंढ्यासुद्धा येत नसत. मावशी त्यात आपल्याकडच्या घालत. मला दिसू नये अशा बेताने घालत, आणि मला दिसे.

ठमाबाई रोज येई. काम नसताना घरी बसणं तिला जमत नव्हतं. ती बांधावर बसे आणि मला सांगे. "मूठ खाली धरा. आनी खाली. इळा वडा, हानू नका. डोळं फुडल्या चुडात ठेवा, हातातल्यात न्हाई." चूड म्हणजे भाताच्या रोपांचा एक झुबका. पहिले दोन दिवस मी विळ्याकडे पाहत होते आणि डाव्या हाताच्या बोटांकडे पाहत होते. झालेल्या प्रकाराने हातांवरचा माझा विश्वासच उडाला होता. शेजारच्या बायका ओळीत सरसर पुढे जात आणि मी मागे एकटी. मला त्यांच्या विळ्यांचा आवाज नुसता गोंगाट वाटे. तिसऱ्या-चौथ्या दिवशी पाठ इतकी दुखू लागली की पाहण्याचं त्राण उरलं नाही, आणि त्या दुखण्यात कधीतरी विळा चालू लागला. मग सकाळ केव्हा सरे ते कळेना. आत्ता आले म्हणावं तर उन्हं माथ्याकडे.

एके सकाळी ठमाबाईने बांधावरून हाक मारली. आवाज नेहमीचा नव्हता. मी विळा टाकून गेले. ती समोरच्या टेपाडाकडे टक लावून बसली होती. तिथे एक माणूस कुऱ्हाडीने लाकडं फोडत होता.

"बाई, माज्या कानाला कायतरी झालंय," ती म्हणाली. "हातातली पीडा डोक्यात चढली जनू."

"का? काय होतंय?"

"त्यो बगा. कुऱ्हाड पडती, न् आवाजच न्हाई. मग कुऱ्हाड वर जाती तवा आवाज येतोय. कालपास्नं असंच व्हतंय. समदं मागं ऱ्हायल्यावानी."

इतके दिवस जी बाई दोन मुसळांच्या मधे हात घालत होती, तिच्या चेहऱ्यावर मी पहिल्यांदा भीती पाहिली. मी तिच्या शेजारी बांधावर बसले. तिला सांगितलं की कान ठीक आहेत, आवाजाला यायला वेळ लागतो, लांबून येताना जास्त लागतो, मलाही तसंच ऐकू येतंय.

"सगळ्यांस्नी?"

"सगळ्यांना."

"आन् कायम असंच हाय?"

"कायम."

तिला ते पटायला वेळ लागला. ती कुऱ्हाडीकडे पाहत राहिली. दोन, चार, पाच घाव.

"मग मला एवड्या वर्सांत कसं दिसलं न्हाई?"

मला उत्तर माहीत होतं आणि ते द्यावंसं वाटत नव्हतं. "तुम्ही कधी अशा बसला नव्हता ना," मी म्हणाले.

"ते बी खरं." तिने बांधलेला हात दुसऱ्या हातात घेतला. मग म्हणाली, "तुमाला हेच दिसत व्हतं व्हय, तितं शाळंपास्नं?"

"हो."

"लय एकलं वाटतंय वो."

ती हे मला दोष द्यायला म्हणाली नव्हती. पण मी वहीत जे लिहिलं होतं त्यात हा शब्द नव्हता. मी मौज म्हणून पाहत होते. पाहणारा मागे राहतो, जग त्याच्याशिवाय पुढे होऊन जातं आणि मग त्याला निरोप पोचतो, हे मला कळलं नव्हतं. कळलं असेल तर त्यात दुःख आहे हे कळलं नव्हतं.  मग ठमाबाई उठली, खाली उतरली आणि डाव्या हाताने माझ्या मागची कापलेली चुडं गोळा करू लागली. मी "डॉक्टरांनी सांगितलंय" वगैरे म्हणाले. तिने ऐकलं नाही. पेंढ्या मात्र मीच बांधल्या, कशाबशा.

पौषात तिची पट्टी सुटली. जखम भरली, पण मधलं बोट वाकेना. ते कायमचं सरळ राहिलं, आणि टोकाची जाणीव गेली. तिने ते उन्हात धरून पाहिलं आणि म्हणाली, "दाना सोललाय का न्हाई ते आता ह्येला कळायचं न्हाई." एवढंच. त्यावर पुन्हा कधी बोलणं निघालं नाही. वर्षभर मी शाळेत होते, ती मावशींकडे येत-जात होती. सुभद्रेला मुलगी झाली. पावसाळ्यात माझी खोली गळत होती तेव्हा ठमाबाईनेच वर चढून कौलं नीट केली. आम्ही मैत्रिणी झालो असं म्हणवत नाही. माझ्या पेशाचं आणि तिच्या कामाचं अंतर होतं, ते होतंच. पण तिने हाक मारली की मी जात असे आणि मी मारली की ती येत असे.

मी इतक्या तटस्थपणे हे कसं सांगू शकते, असं हे लिहिताना मलाच वाटलं. स्वभाव म्हणायचा. मी पाहणाऱ्यांतलीच आहे. वर्गातही मुलांच्यात मिसळणाऱ्या बाईंपैकी मी नव्हे, खिडकीपाशी उभी राहणाऱ्यांपैकी. त्या सुगीने तो स्वभाव बदलला असं सांगितलं तर ते खोटं होईल. एवढंच झालं की हातात काही असेल तेव्हा मी पाहत नाही. भाजी चिरताना, फळ्यावर लिहिताना, कुणाचं मूल कडेवर असताना. तेवढी शिस्त लागली.

पुढच्या दिवाळीनंतर मावशींनी पुन्हा पोहे काढले. सुभद्रा मुलीला झोळीत टाकून चुलीपाशी भाजायला बसली. एक मुसळ मावशींनी घेतलं. दुसरं ठमाबाईने उचललं. तिचं ताठ बोट मुसळावर इतर बोटांत न मिसळता वेगळंच उभं राहिलं होतं, पण पकड घट्ट होती. उखळाशी बसायला कुणी नव्हतं. मावशींनी भिंतीला टेकवलेली कळकाची काठी माझ्याकडे सरकवली.

मी बसले. काठी घेतली नाही.

"बाई," मावशी म्हणाल्या, "येडेपना करू नका."

 ठमाबाईने माझ्याकडे पाहिलं. मग विचारलं, "भ्या वाटतंय?"

"वाटतंय."

"वाटू द्या. मावशी, चला."

पहिली आठदहा मुसळं मी हात गुडघ्यावर ठेवून नुसती बसून राहिले. त्या दोघींच्या वाकण्याबरोबर माझी मान हलू लागली, मग खांदे. घाणा गार होईल म्हणून सुभद्रा चुलीपासून काहीतरी म्हणत होती. मग हात आत गेला. मी तो घातला असं मला आठवत नाही. आत ऊब होती, ओलसर, सालं बोटांना टोचत होती, आणि मऊ चपटे दाणे खालून वर येत होते. हात बाहेर आला. वाऱ्याची एक झुळूक मनगटावरून गेली, आणि मुसळ पडलं. पुन्हा हात आत. मुसळं मला दिसत नव्हती, आवाज झाला असणार पण तो ऐकल्याचं स्मरत नाही. वेळ खूप होता. एकदा तर आत असताना एक न सोललेला दाणा बोटाला लागला आणि तो मी चाचपून मधोमध ढकलला.

घाणा झाला. मावशींनी मुसळ भिंतीला टेकवलं आणि कपाळाचा घाम पुसला. त्या माझ्याशी बोलत नव्हत्या, रागावल्या होत्या. ठमाबाई माझ्यासमोर उकिडवी बसली. तिने माझा हात आपल्या हातात घेतला, तळव्याला चिकटलेले पोहे एकेक करून काढले, उलटा करून पाहिला, सुलटा करून पाहिला, प्रत्येक बोट वाकवून पाहिलं.

"हाय की जागच्या जागी," ती म्हणाली, आणि सुभद्रेला ओरडून सांगितलं, "वत गं फुडचा घाना!"